औषध मारूनही बोंडअळी मरत नाही? जत-आटपाडीच्या कापूसवाल्यांसाठी तपासणीचा क्रम

सप्टेंबर सरत आला की सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या पट्ट्यातून दरवर्षी एकच प्रश्न येतो. "दोन वेळा औषध मारलं, तरी बोंडात अळी हायच. आता कुठलं मारू?" सोबत फोडलेल्या बोंडाचा फोटो, आत सरकी पोखरून बसलेली गुलाबी अळी. दुकानात नवं नाव मिळतं, तिसरा फवारा होतो, आणि पुढच्या हंगामात तसाच फोटो पुन्हा येतो.

"कुठलं मारू" हा यातला सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे. औषध लागू न पडण्याची कारणं बरीच असतात. कीड भलतीच निघते, वेळ टळलेली असते, पाणी किंवा पंप दगा देतो, डबा बदलला तरी आतलं औषध त्याच गटातलं असतं, आणि कधी किडीत खरोखरच प्रतिकारशक्ती आलेली असते. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत माझं मत सरळ आहे: फवारा जवळजवळ नेहमी उशिराच पोचतो, आणि तिचा बंदोबस्त रानात कपाशी उभी नसते त्या महिन्यांत करायचा असतो. तरी क्रमाने जाऊ. क्रम सोडला की पहिला फटका खिशाला बसतो.

आधी कीड कुठली ते बघा

पाती (म्हणजे फुलाच्या कळ्या) आणि फुलं गळायला लागली की संशय लगेच अळीवर जातो. पण आठवडाभर ढगाळ हवा, पावसाची ओढ, किंवा ओढीनंतर एकदम मिळालेलं भरपूर पाणी, एवढ्यानेही कपाशी पाती टाकते. झाडाखाली पडलेली मूठभर पाती उचला आणि नखाने उघडा. छिद्र नाही, विष्ठा नाही, आत कुरतडलेलं नाही, तर ती गळ कीटकनाशकाने थांबणारी नाही.

पानं लाल पडली तरी तसंच. तुडतुड्यांनी लाल झालेलं पान कडेने खाली वळतं, कोकडतं, आणि उलटं केलं की शिरांजवळ तिरके पळणारे फिकट हिरवे पिल्ले दिसतात. लाल्याचं, म्हणजे अन्नद्रव्य कमी पडून लाल झालेलं पान कडेने आणि शिरांच्या मधे लाल होतं, शिरा काही दिवस हिरव्या राहतात, आणि पानाखाली कीड नसते. तिथे मॅग्नेशियम सल्फेटचा आणि एकूण अन्नद्रव्यांचा विचार करायचा. लाल्यावर तुडतुड्याचं औषध मारणारे दर गावात भेटतात, आणि थंडी कमी झाल्यावर नवी पालवी हिरवी फुटली की श्रेय औषधाला जातं.

आता अळ्या. हिरवी म्हणजे अमेरिकन बोंडअळी बोंडाला मोठं गोल छिद्र पाडते, अर्धं अंग बाहेर ठेवून खाते, छिद्राशी ओली विष्ठा साठते. ठिपक्यांची अळी लहानपणी शेंडे पोखरते, शेंडा वाळून मान टाकतो. या दोघींना बीटी कपाशी, म्हणजे जिच्या झाडातच अळी मारणारं विष तयार होतं ती, अजून बऱ्यापैकी आवरते. बीटीच्या रानात याच अळ्या जागोजागी दिसत असतील, तर आधी बियाण्याचं पाकीट आणि बिल शोधा. बिलाशिवाय, लेबलाशिवाय, "तणनाशक चालतं" असं सांगून मिळालेल्या बियाण्यात अळीविरोधी गुण आहे की नाही, याची हमी कुणीच देत नाही.

गुलाबी अळीचं लक्षण याच्या उलट असतं. बोंड बाहेरून धडधाकट दिसतं. अळी अंड्यातून निघते तेव्हा पांढरट असते, डोकं काळसर. गुलाबी रंग वाढ झाल्यावर येतो. त्यामुळे बोंडात बारकी पांढरी अळी दिसली म्हणून "ही दुसरीच कुठली तरी" असं समजू नका. आत शिरलेलं छिद्र बुजून जातं. आपल्याला जे लहान गोल भोक दिसतं ते बहुधा पूर्ण वाढलेल्या अळीने बाहेर पडताना पाडलेलं असतं. म्हणजे भोक दिसतं तेव्हा खायचं ते खाऊन झालेलं असतं.

लवकरची खूण फुलात मिळते. पाकळ्या उमलत नाहीत, एकमेकींना चिकटून वळलेल्या राहतात, हीच डोमकळी. अळी पाकळ्या आतून धाग्याने शिवून टाकते. डोमकळ्या दिसायला लागल्या की तोडून बांधावर टाकू नका. बादलीत गोळा करा आणि जाळा किंवा खोल पुरा.

बाहेरचं औषध आतल्या अळीला कसं लागेल?

गुलाबी अळीची मादी पाती, फुलं आणि कोवळ्या बोंडांवर रात्री अंडी घालते. चार-पाच दिवसांत अंडं उबतं आणि बारकी अळी थोड्याच वेळात फुलात किंवा बोंडात शिरते. त्यानंतर साधारण दोन आठवडे ती आतच असते. आपण मारतो ती बहुतेक औषधं स्पर्शाने किंवा पोटात गेल्यावर काम करतात, आणि अळी जे खाते ती सरकी बोंडाच्या सालीमागे सुरक्षित असते. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं औषध घेतलं तरी ते बोंडातल्या सरकीपर्यंत अळी मरेल इतकं पोचत नाही. फवाऱ्याच्या तावडीत सापडतात ते पतंग, अंडी आणि शिरण्याआधीची अळी. एवढीच संधी.

ही संधी डोळ्यांनी कळत नाही, म्हणून कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाची गोळी लावून नर पतंग पकडणारे. पेरणीनंतर ४५ दिवसांनी एकरी दोन सापळे लावा, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच, आणि पीक वाढेल तसे वर सरकवा. गोळी गुलाबी बोंडअळीचीच हवी. हिरव्या अळीची गोळी बसवून "माझ्याकडे पतंगच नाहीत" म्हणणारे मी पाहिलेत; प्रत्येक किडीचा गंध निराळा असतो, पाकिटावरचं नाव वाचून घ्या. तंबाखू मळलेल्या किंवा औषधाच्या हाताने गोळी लावू नका. ती कायमची टिकत नाही, पाकिटावर दिलेल्या मुदतीला बदला.

सकाळी सापळ्यातले पतंग मोजा, लिहा, फेकून द्या. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असं सलग तीन दिवस झालं की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, म्हणजे आता फवाऱ्याचा खर्च परवडतो. पातळी मोजण्याचे आणखी दोन मार्ग आहेत: शंभर फुलांत दहा डोमकळ्या, किंवा एकरातून वेगवेगळ्या वीस झाडांची वीस हिरवी बोंडं तोडून फोडली तर त्यांतल्या दोनांत अळी. बोंडं मध्यम वयाची घ्या. फार कोवळी किंवा उकलायला आलेली घेतलीत तर अंदाज फसतो. वीस बोंडांसाठी जीव तुटतो हे कबूल. पण त्या वीस बोंडांनी एक नको असलेला फवारा वाचला तरी हिशेब फायद्याचा पडतो.

पातळी गाठल्यावर फवारा दोन-तीन दिवसांत, संध्याकाळच्या बाजूला. पतंग रात्री हिंडतात.

बीटी असून अळी कशी, याचं उत्तर

"बियाणं बोगस" हा निकाल फार लवकर दिला जातो. भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा तिच्यात एक जनुक होतं. २००६ पासून दोन जनुकांची आली. गुलाबी अळीने पहिल्याला दाद देणं बंद केल्याच्या नोंदी २०१० च्या सुमारास गुजरातेतून झाल्या, पुढे दोन्हींना सहन करणारी अळी आढळली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने केलेलं नुकसान सगळ्यांना आठवत असेल. आज विश्वासू दुकानातलं, बिलासकटचं बियाणं घेतलं तरी गुलाबी अळीपुरतं ते बिनबीटी समजूनच नियोजन करावं.

दोन जनुकं असताना हीच अळी का सुटली? एक तर ती जवळजवळ कपाशीवरच जगते. भेंडीसारख्या तिच्या कुळातल्या झाडांवर थोडीफार. हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो काहीही खाते, त्यामुळे बीटीला बळी पडणाऱ्या तिच्या कितीतरी पिढ्या बाहेर वाढत राहतात आणि प्रतिकार करणाऱ्यांशी संकर होऊन त्यांचा जोर मोडतो. गुलाबीला असं माहेर नाही. दुसरं कारण आपल्या संकरित वाणांत आहे. संकरित झाडावरच्या बोंडातली प्रत्येक सरकी सारखी नसते. जनुकांची वाटणी होते तेव्हा काही सरक्यांत दोन्ही येतात, काहींत एकच, आणि हिशेबाने सोळांतल्या एकीत एकही नाही. सरकी खाणाऱ्या अळीला त्यामुळे कुठे पूर्ण, कुठे अर्धं, कुठे शून्य विष मिळतं. अर्धवट विषाने कीड मरण्याऐवजी तयार होते.

यासाठीच पाकिटासोबत बिगरबीटी बियाणं यायचं, कडेने लावायला. बहुतेकांनी ते फेकलं किंवा नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायला वापरलं. काहींनी त्या जागी तूर लावली. तिने हिरव्या अळीला आसरा मिळतो, गुलाबीला नाही. आता हे बियाणं पाकिटातच मिसळून येतं, तेव्हा तेवढा प्रश्न आपल्या हातून सुटलाय.

पाणी आणि पंप

प्रतिकारशक्ती समजून जे माझ्याकडे येतं त्यातलं बरंचसं इथे अडकलेलं असतं. आपल्या पूर्वेकडच्या तालुक्यांत बोअरचं पाणी अनेक ठिकाणी क्षारी, जड असतं. क्विनॉलफॉस, प्रोफेनोफॉस अशी औषधं अल्कधर्मी पाण्यात फुटायला लागतात. सकाळी पिंपात कालवून दुपारपर्यंत पुरवलेलं द्रावण संध्याकाळी नावालाच औषध उरतं. तासगावकडच्या कुठल्याही द्राक्षवाल्याला विचारा, तो पाण्याचा सामू (पीएच) पाहिल्याशिवाय पिंपात काही टाकत नाही. कागदी पट्टीने तपासा, सात-साडेसातच्या वर जात असेल तर सायट्रिक ॲसिडने सहा-साडेसहाच्या आसपास आणा, आणि लागेल तेवढंच द्रावण कालवा. गढूळ पाणी नको.

पंपाचा घोळ निराळा. लेबलवरचा डोस एकरी किंवा हेक्टरी असतो, आणि दुकानात तो "पंपाला अमुक झाकणं" असा होऊन येतो. हातपंपाने एकराला दोनशे लिटर पाणी जातं, पेट्रोल पंपाला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच. पंपाला तीच झाकणं टाकली तर पेट्रोल पंपात एकरी डोस तिसऱ्या हिश्श्यावर येतो. अर्धं औषध हे बोंडातल्या अर्ध्या विषासारखंच काम करतं: दुबळ्या किडी मरतात, दणकट उरतात आणि त्यांचीच पिल्लावळ वाढते. एकरी औषध तेवढंच ठेवा, पाणी पंपाप्रमाणे.

ऑक्टोबरात कमरेएवढ्या, दाटलेल्या कपाशीत शेंड्यावरून पंप फिरवला तर मधल्या फांद्यांवरच्या बोंडांवर थेंब पडत नाही. अळी मात्र तिथेच असते. युरिया सढळ टाकून माजवलेल्या पिकाची ही शिक्षा आहे. तुडतुडेही अशाच लुसलुशीत पानांवर जास्त.

अनेक औषधं, टॉनिक आणि विद्राव्य खत एकाच पिंपात कालवू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. उंच वाढलेलं पीक, उकाडा, मिश्रणं आणि उघड्या अंगाने फवारणी, असं सगळं एकत्र आलं होतं. गड्याला हातमोजे, तोंडावर मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा दिल्याशिवाय पंप त्याच्या पाठीवर देऊ नका; वाऱ्याकडे तोंड करून फवारायला लावू नका. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधुक असं काही झालं तर औषधाची बाटली सोबत घेऊनच दवाखान्यात जा, म्हणजे डॉक्टरला गट कळतो.

डबा नवा, औषध तेच

रस शोषणाऱ्या किडींत, तुडतुडे आणि पांढऱ्या माशीत, खरी प्रतिकारशक्ती आपण हाताने घडवतो, तीही पहिल्या साठ दिवसांत. बियाण्याला कंपनीकडूनच इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम लावलेलं असतं. त्याचा परिणाम सुरुवातीचे काही आठवडे राहतो. तो ओसरला की पहिली फवारणी इमिडाक्लोप्रिडची, मग ॲसिटामिप्रिडची, मग "नवीन आलंय" म्हणून थायामेथोक्झामची किंवा डायनोटेफ्युरानची. चारही एकाच गटातली. म्हणजे बी मातीत पडल्यापासून तुडतुड्यांच्या तीन-चार पिढ्यांवर आपण एकाच जागी घाव घालत राहिलो, आणि ज्या तुडतुड्याला तो घाव लागत नाही तोच रानात उरला.

डब्यावरचं मोठं नाव व्यापारी असतं. खाली बारीक अक्षरात तांत्रिक नाव असतं, तेच वाचा. शेवटी 'थ्रिन' आलं की कृत्रिम पायरेथ्रॉइड. फेनव्हॅलरेटही त्यातलंच, जरी नावाने कळत नाही. बहुतेक 'फॉस' वाले सेंद्रिय फॉस्फरस. ॲसिफेट, मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट त्याच घरातले. थायोडीकार्बचं कुटुंब निराळं, पण ते किडीच्या मज्जासंस्थेत फॉस्फरसवाल्यांच्याच जागी मारतं. त्यामुळे प्रोफेनोफॉसनंतर थायोडीकार्ब म्हणजे पुरता बदल झाला असं होत नाही. 'प्रोल' वाले वेगळे, इमामेक्टिन वेगळं, स्पिनेटोरम वेगळं, इंडोक्झाकार्ब वेगळं.

मिश्र औषधांत सगळ्यात जास्त फसगत होते. प्रोफेनोफॉस ४० टक्के अधिक सायपरमेथ्रिन ४ टक्के हे आपल्याकडे पाण्यासारखं खपतं. ऑगस्टमध्ये ते मारलं की त्यातलं सायपरमेथ्रिन ढालकिडे, क्रायसोपा आणि परोपजीवी माश्या या मित्रकिडी साफ करतं आणि पुढच्या महिन्यात पांढरी माशी उसळते. पायरेथ्रॉइड असलेलं काहीही ऑक्टोबरअखेरपर्यंत कपाशीत आणू नये. नोव्हेंबरात, हंगामाच्या शेपटाला, लागलंच तर एकदा.

तुडतुड्यांना औषध खरंच लागू पडत नाही का, हे घरी तपासता येतं. फवारणीआधी दहा-वीस झाडांना दोरा बांधा, प्रत्येकाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या पानाखालची पिल्लं मोजा. दोन ओळी बिनफवाऱ्याच्या सोडा. तीन दिवसांनी दोन्हीकडे परत मोजा. पाणी, डोस, झाकणं सगळं बरोबर असूनही दोन्हीकडे आकडे जवळपास सारखे असतील तर तो गट त्या हंगामात कपाटात ठेवा. गुलाबी अळीला ही चाचणी लागू होत नाही, कारण ती बोंडात बसलेली असते आणि औषध चांगलं असतानाही जिवंत दिसते.

तुडतुड्यांसाठी पानामागे दोन-तीन पिल्लं, माव्यासाठी दहा, फुलकिड्यांसाठी दहा ही पातळी धरतात. त्याखाली पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो: पाच किलो निंबोळी दळून रात्रभर भिजवा, गाळून शंभर लिटर करा. कडुलिंबाखालची निंबोळी आपल्याकडे वाया जाते आणि आपण बाटली विकत आणतो. पातळी ओलांडली तर फ्लोनिकामिड घ्या, म्हणजे बियाण्याला लावलेल्या गटापासून लांब. पांढरी माशी असेल तर डायफेन्थ्युरॉन किंवा पायरीप्रॉक्सिफेनचा विचार करा. एक गट हंगामात एकदाच, फार तर दोनदा, तेही लागोपाठ नाही.

फवारणीची वही हवी. द्राक्षात माल परदेशी जायचा असतो म्हणून वही असते, कापसात कुणी विचारत नाही म्हणून नसते. तारीख, तांत्रिक नाव, गट, पंप किती: चार रकाने पुरेत.

मग बोंडअळीवर मारायचं काय

पेरणीनंतर पन्नास-साठ दिवसांत, पतंग दिसायला लागले की ट्रायकोकार्ड (बोंडअळीची अंडी नासवणाऱ्या बारीक मित्रकिडीचं कार्ड) लावा, एकरी साठ हजार अंड्यांचं प्रमाण, आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा. मिळाले तर. आपल्या भागात ते वेळेवर मिळत नाहीत ही रड खरी आहे, म्हणून मागणी महिनाभर आधी नोंदवा. कार्ड लावल्यावर काही दिवस रासायनिक फवारा नको, नाहीतर कार्डाचे पैसे पाण्यात.

सप्टेंबरात पातळी ओलांडली तर क्विनॉलफॉस २५ टक्के, दहा लिटरला २० मिली. ऑक्टोबरात दुसरी वेळ आली तर इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के, दहा लिटरला ४ ते ५ ग्रॅम. नोव्हेंबरात पायरेथ्रॉइड. हाच क्रम देवाने लिहून दिलेला नाही. त्या आधीच्या दोन फवाऱ्यांत जे वापरलं असेल तो गट वगळून पुढचा निवडा, आणि लेबलवर कपाशी आणि बोंडअळी लिहिलेली असेल तेच घ्या.

सापळे मोजणीऐवजी पतंग पकडायलाच वापरायचे असतील तर एकरी आठ-दहा लागतात, आणि एकट्याने लावले तर उपयोग कमी. इथेच आपला फायदा आहे. विदर्भात मैलोन्मैल कपाशी. शेजाऱ्याने काही केलं नाही तर तुमच्या सापळ्यांवर पाणी पडतं. आपल्याकडे तासगाव-मिरजेत द्राक्ष, वाळवा-पलुसात ऊस, आणि कापूस पूर्वेला, तोही तुकड्या-तुकड्यांनी, मधे बाजरी, मका, तूर, डाळिंब. एखाद्या वस्तीच्या शिवारात कापूसवाले दहा-बारा जण असतील. त्यांनी एका दिवशी सापळे लावले, एकदम बोंडं मोजली, तर आख्खं बेट आवरता येतं. विजापूरकडून पतंग येत असतील, नाही असं नाही. पण बहुतेक ठिकाणी पहिला पतंग आपल्याच बांधावरून निघतो.

जानेवारी ते जून

अळी हिवाळ्यात मरत नाही, झोपते. थंडी वाढली, दिवस लहान झाला की शेवटच्या पिढीतली अळी वाळक्या बोंडात, दोन सरक्या जोडून केलेल्या कप्प्यात, किंवा मातीच्या फटीत पडून राहते, महिनोन्महिने. जूनच्या पावसाबरोबर पतंग बाहेर येतात. त्यांना त्या वेळी पाती मिळाली नाही तर अंडी घालायला जागा नसते आणि ती पिढी वाया जाते. सगळं नियोजन या एका कमजोर जागेवर उभं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१८ मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी अळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं; त्यात बीटी कपाशी, वांझ पतंग, गंध पसरवून नर-मादीची गाठ चुकवणं याच्या जोडीला पीक संपल्यावर काड्या नष्ट करणं हे बिनमहागाचं काम होतंच. वांझ पतंग आपण कुठून आणणार. काड्यांचं आपल्या हातात आहे.

आपण मात्र नेमकं उलटं करतो. जतला मुख्य पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्यामुळे दिवाळीनंतरही झाड हिरवं असतं. त्यात म्हैसाळ किंवा टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं की दोन पाळ्या देऊन खोडवा ठेवायचा मोह होतो. उसाच्या खोडव्याची सवय असलेल्या मनाला यात वावगं वाटत नाही. पण जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या त्या दोन-चार मण किडक्या कापसासाठी आपण अळीला वर्षभर घर देतो, आणि थंडीतल्या त्या वेचणीला दरही कवडीचाच मिळतो. डिसेंबरअखेर पीक काढायचंच. पाणी आहे तर त्या रानात मका किंवा चाऱ्याचं पीक घ्या. भेंडी नको.

शेवटच्या वेचणीनंतर मेंढरं सोडा. जत तालुका माडग्याळी मेंढ्यांचा, कळपांना तोटा नाही. उरलेली हिरवी बोंडं, पाती, पाला सगळं आठवड्यात साफ होतं आणि रानाला खत मिळतं. फक्त शेवटचा फवारा कधी झाला ते मेंढक्याला खरं सांगा आणि लेबलवरची मुदत उलटल्यावरच कळप आत घ्या.

मग काड्या. त्या उपटून बांधावर, गोठ्यामागे, चुलीला सरपण म्हणून रचल्या जातात आणि ढिगातली वाळकी बोंडं जूनपर्यंत तशीच राहतात. पुढच्या हंगामाची अळी सरपणात साठवलेली असते, हे घरच्या माणसांना एकदा बोंड फोडून दाखवा. आत जोडलेल्या सरक्या निघाल्या की पुढे सांगावं लागत नाही. सगळ्यात बरं म्हणजे श्रेडरने बारीक करून रानात मिसळणं किंवा कंपोस्टला घालणं. ते यंत्र मिळत नसेल तर निदान बोंडं झोडून वेगळी करा, जाळा, आणि नुसत्या काड्या रचा. उन्हाळ्यात खोल नांगरट करून रान तापू द्या.

दर वाढेल म्हणून घरात ठेवलेला कापूसही यातच येतो. सरकीसोबत अळी घरात येते आणि तिथूनच पतंग निघतो. साठवणीच्या खोलीत एक कामगंध सापळा टांगा. एप्रिल-मे महिन्यात तो रिकामा राहिला तर उत्तम, नाही राहिला तर पतंग कुठून येतात याची शंका उरणार नाही. गावाजवळ जिनिंग असेल तर तिच्या भोवती लावलेले सापळे सगळ्या शिवाराच्या उपयोगी पडतात.

पेरणी मे महिन्यात ठिबकवर उरकू नका. धूळपेरणीही, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानातली पेरणी, नको. लवकर पेरलेल्या कपाशीला पाती जूनच्या पतंगाच्या वेळेस येतात, म्हणजे झोपून उठलेल्या किडीला ताट वाढून तयार. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, कमी दिवसांत येणारं वाण.

यंदाच लागलेली असेल तर

हे वाचताना नोव्हेंबर असेल आणि वीसांतली आठ-दहा बोंडं किडकी निघत असतील, तर चौथ्या फवाऱ्याचे पैसे काढण्याआधी झाडावर किती हिरवी, अजून न पोखरलेली बोंडं उरलीत ते मोजा. दहा झाडांची सरासरी घ्या. झाडाला पाच-सातच्या वर चांगली बोंडं नसतील तर फवाऱ्याचा आणि मजुरीचा खर्च निघत नाही. उकललेला कापूस वेचून रान लवकर मोकळं करा. किडका आणि कवडीचा (डागाळलेला, नीट न उकललेला) माल चांगल्यात मिसळू नका, वेचतानाच दोन ओट्या करा. वीस-पंचवीस चांगली बोंडं असतील तर सापळे पाहून एक फवारा करा, पायरेथ्रॉइडचा, संध्याकाळी, झाडाच्या मधल्या फांद्यांपर्यंत नोझल घालून, आणि डिसेंबरअखेरची तारीख न हलवता.